राहायला कुठे जायचे? बडोदा, परळ, राजगृह ते बाळकुम

ठाण्यात कापूरबावडीहून काशेलीच्या खाडीकडे निघालो की जुन्या आग्रा रस्त्यावर बाळकुम लागते. आगरी-कोळ्यांचे जुने गाव आणि पाडे, आणि त्यांच्या शेजारी आता उभे राहिलेले उंच टॉवर. मुंबईची चाळ, झोपडपट्टी किंवा कल्याण-डोंबिवलीची दहा बाय दहाची खोली सोडून आपल्या समाजातील तरुण कुटुंबे आज या भागात घर शोधत फिरत आहेत. ते आम्हाला वारंवार एकच प्रश्न विचारतात. राहायला कुठे जावे? आपल्या लोकांच्या वस्तीत, की एखाद्या 'चांगल्या' सोसायटीत?

एजंटसाठी हा प्रश्न भाडे, डिपॉझिट, पाणी आणि स्टेशनचे अंतर यावर संपतो. आपल्यासाठी तो तिथून सुरू होतो. "पूर्ण नाव काय?" "मूळ गाव कोणते?" "नॉनव्हेज खाता का?" ज्या खाडीकाठाने पिढ्यान्‌पिढ्या मासळी-भात खाल्ला, त्याच काठावर आज मासळीवरून भाडेकरू पारखला जातो! जात थेट विचारायला लाज वाटते, म्हणून ताटात काय आहे ते विचारले जाते. हा आजचा शोध नाही. त्याचा इतिहास आपल्याला माहीत असलाच पाहिजे.

१९१७ मध्ये कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. नोकरी होती, पगार होता, पदव्या होत्या. घर मात्र मिळेना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात त्यांना पारशी नाव लावून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. एका हिंदू आणि एका ख्रिश्चन मित्राकडे त्यांनी आसरा मागितला; तिथेही जमले नाही. मुंबईची गाडी सुटेपर्यंत ते बागेत बसून राहिले. हे सगळे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे. एका समाजाला दोष द्यावा म्हणून आम्ही हे सांगत नाही. शिक्षण आणि पैसा आला की घराचा प्रश्न आपोआप सुटतो, या भ्रमाला हा प्रसंग कायमचे उत्तर देतो.

आता परळकडे या. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने कामगारांसाठी परळला चाळी बांधल्या आणि मध्यमवर्गासाठी दादर-माटुंग्याला प्लॉट पाडले. एकाच संस्थेने एकाच शहरात दोन वेगळी जगे आखली. बाबासाहेब दोन्हीकडे राहिले. १९१२ पासून वीसहून अधिक वर्षे त्यांचे बिऱ्हाड परळच्या चाळीत होते. 'मूकनायक', बहिष्कृत हितकारिणी सभा, महाडचा सत्याग्रह हे सगळे त्या काळातले. सभेचे कार्यालय परळच्याच दामोदर हॉलमध्ये होते. माणसे शेजारी होती, हाकेला धावणारी होती. मग १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले. ते मुख्यतः ग्रंथांसाठी बांधलेले घर होते. आजूबाजूची वस्ती प्रामुख्याने सवर्ण मध्यमवर्गीयांची होती.

बाबासाहेबांनी परळ सोडले म्हणजे समाज सोडला काय? राजगृहाचे दार समाजाला बंद झाले काय? दोन्हींचे उत्तर आपल्याला माहीत आहे. बडोद्यात त्यांना नाव बदलून राहावे लागले होते, दादरला ते स्वतःच्या नावाने राहिले. जागा निवडण्याची खरी कसोटी आम्हाला इथे सापडते.

आपल्या समाजात या प्रश्नावर दोन टोके आहेत. एक म्हणते, वस्ती सोडणारा गद्दार. दुसरे म्हणते, वस्तीत राहिलात तर पोरे बिघडतील. दोघेही इतिहास अर्धाच वाचतात.

पहिल्यांना आमचे सांगणे असे की आपल्या बहुतेक वस्त्या आपण निवडलेल्या नाहीत. गिरणी, रेल्वे, गोदी, नगरपालिकेचे सफाई खाते, जिथे काम मिळाले त्याच्या आसपास आणि जिथे कुणी हाकलले नाही तिथे आपले आजोबा राहिले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्यावर कठोर टीका केली. गावकूस मागे टाकून आलेल्या माणसाने शहरातल्या नव्या गावकुसाला पवित्र मानण्याचे कारण नाही.

दुसऱ्यांना आठवण द्यायची ती वरळीच्या बीडीडी चाळींची. ५ जानेवारी १९७४ ला तिथे दलित पँथरची सभा झाली, हल्ला झाला, दंगल पेटली आणि १० जानेवारीला मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. त्या दिवसांत आपली माणसे टिकली ती दाराला दार लागून होते म्हणून. टॉवरच्या सतराव्या मजल्यावर एकट्या कुटुंबावर वेळ आली तर दार कोण ठोठावणार? वस्तीला नावे ठेवण्याआधी याचे उत्तर तयार ठेवा.

तिसरी वाट आडनाव बदलून, भिंतीवरचा फोटो आतल्या खोलीत हलवून राहण्याची. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा भाड्याच्या खोलीसाठी जात लपवणाऱ्या रेल्वे कामगाराची आहे. जात उघड झाल्यावर त्याला मार खावा लागतो. हा संग्रह १९६३ चा आहे. जे लपवून राहतात त्यांना आम्ही हिणवत नाही. लाज लपवायला लावणाऱ्याला वाटली पाहिजे. पण लेकरांना रोज खोटे बोलायला शिकवून मिळालेले घर फार महाग पडते.

मग कायदा काय म्हणतो? नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणालाही कोणत्याही भागात निवासी जागा बांधण्यास, घेण्यास किंवा तिथे राहण्यास अडवणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ नुसार पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. कलम २२ नुसार अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाल्याचे मानले जाते. अर्ज लेखी द्या, पोच घ्या! पण दुसरी बाजूही पाहा. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. आणि भाड्याच्या घरात तर मालक कारणच सांगत नाही. "फ्लॅट गेला" एवढे म्हटले की पुरावा संपला.

अमेरिकेत १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग शिकागोच्या एका गरीब कृष्णवर्णीय वस्तीत मुद्दाम राहायला गेले आणि घरांतील भेदभावाविरुद्ध मोर्चे काढले. त्यात त्यांना दगड लागला. त्यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, ११ एप्रिल १९६८ ला, घर विकताना व भाड्याने देताना वंशावरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. आपल्याकडे खाजगी भाडेव्यवहारातील आडून केलेल्या नकारापर्यंत पोचणारा असा कायदा नाही. ती मागणी चळवळीच्या अजेंड्यावर यायला हवी.

तोवर बाळकुम, ढोकाळी, कोलशेत किंवा कल्याण, कुठेही घर शोधणाऱ्या तरुणांना आम्ही एवढेच सांगतो. पहिल्या फोनवरच पूर्ण नाव सांगा. ज्याला नकार द्यायचा आहे त्याला डिपॉझिट देण्याआधीच देऊ द्या. मुलांची शाळा, अभ्यासिका आणि रात्री कामावरून परतणाऱ्या बाईचा ठाणे स्टेशनपासूनचा रस्ता आधी पाहा. एकाच संकुलात आपली दोन-तीन कुटुंबे मिळून जाता येते का, ते बघा. म्हाडाची सोडत सोडू नका. कोकण मंडळाची घरे बाळकुममध्येही झाली आहेत, आणि ११ टक्के आरक्षण अनुसूचित जातींसाठी आहे, त्यात नवबौद्धही येतात. तिथे नाव सोडतीतून निघते, मालकाच्या मर्जीतून नाही. जातीचा दाखला आजच काढून ठेवा.

आणि जिथे जाल तिथून दर रविवारी जुन्या वस्तीतल्या विहारात या, तिथल्या पोरांचा अभ्यास घ्या. नव्या घराच्या दर्शनी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावा आणि दारावर पूर्ण नावाची पाटी.

जय भीम!