रे रोड ते ट्रॉम्बे : परकीय भांडवल आणि संक्रमणकाळातील उद्योगधोरण

‘संक्रमणशील अर्थव्यवस्था’ ही संज्ञा १९८९ नंतर पूर्व युरोपातील देशांच्या संदर्भात रूढ झाली. नियोजनाकडून बाजारपेठेकडे वळणाऱ्या या देशांत थेट परकीय गुंतवणूक का येते व का काढता पाय घेते, यावर विपुल लेखन झाले आहे. परंतु संक्रमण उलट दिशेनेही घडते. वसाहतकालीन अर्थव्यवस्थेकडून नियोजनाकडे जाणाऱ्या स्वतंत्र भारताचे पहिले दशक हे त्याचे उदाहरण असून, त्याच्या खुणा मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर आढळतात.

१८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांच्या नावाचे रे रोड स्थानक १९१० मध्ये सुरू झाले. कुर्ल्याहून आलेल्या हार्बर मार्गाचे ते तेव्हाचे अखेरचे स्थानक. १८७३ साली स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टने माझगाव-शिवडी दरम्यान भराव घालून जमीन तयार केली आणि १९१५ पासून स्वतःची रेल्वेही चालवली. गोदी, गोदामे व लोहमार्ग एकमेकांलगत आल्याने आयात मालावर चालणाऱ्या उद्योगास याहून सोयीची जागा नव्हती.

रे रोडनंतरच्या दुसऱ्या स्थानकावर, शिवडीत, अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये भारतातील पहिला मोटार-जुळणी कारखाना उभारला. बंदरात खोक्यांतून उतरलेले सुटे भाग येथे जोडले जात. कारखाना मुंबईत असला तरी इंजिन व यंत्रभाग परदेशीच होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे धोरण मोटारीचे भाग क्रमाक्रमाने येथेच बनवण्याचे होते. प्रारंभी तिलाही परदेशी तंत्रज्ञानावर विसंबावे लागले, हे मात्र विसरता येत नाही.

६ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंनी संविधान सभेत परकीय भांडवलाविषयी निवेदन केले. देशी-परदेशी उद्योगांत भेदभाव होणार नाही, नफा बाहेर नेता येईल, राष्ट्रीयीकरण झाल्यास योग्य भरपाई मिळेल, अशी ही आश्वासने होती. तरीही १९५३ च्या जकात आयोगाच्या शिफारशींनुसार, निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या निव्वळ जुळणी कारखान्यांना मुभा राहिली नाही. बाजारपेठ लहान असताना निर्मितीसाठी मोठे भांडवल गुंतवण्यास जनरल मोटर्स व फोर्ड तयार नव्हत्या. १९५४ पर्यंत दोघींनीही काम आवरले. शिवडीतच टायर बनवणारी फायरस्टोन मात्र पुढेही टिकली.

यावरून भारताने परकीय भांडवलास दार बंद केले असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्याच वर्षी, काही मैलांवर, ट्रॉम्बे येथे स्टँडर्ड-व्हॅक्युमचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. १९५५ मध्ये बर्मा-शेलचाही झाला. १९५१ च्या करारांत सरकारने पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण न करण्याची हमी दिली होती. १९४८ च्या उद्योगधोरणातील भारतीय बहुसंख्य मालकीचा सर्वसाधारण नियमही येथे शिथिल केला होता. म्हणजे एकाच सरकारने एकाच शहरात एका उद्योगास अटी कडक केल्या व दुसऱ्यास सैल. तेल देशाला तातडीने हवे होते आणि ते शुद्ध करण्याचे तंत्र येथे नव्हते. जुळणीच्या कौशल्याची तशी निकड नव्हती. गुंतवणुकीचे ‘वातावरण’ सर्वांना सारखे मोजणाऱ्या आजच्या निर्देशांकांत हा फरक सापडत नाही. पुढे हे दोन्ही तेल कारखाने अनुक्रमे १९७४ व १९७६ मध्ये सरकारच्या मालकीत आले.

१९९१ च्या उदारीकरणानंतर जनरल मोटर्स परतली आणि २००८ मध्ये तळेगाव येथे तिचा कारखाना सुरू झाला. तेथील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले आणि कामगारांचा वाद उभा राहिला. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी झालेला विक्रीचा करार, शेजारी देशांतील गुंतवणुकीवर २०२० मध्ये आलेल्या निर्बंधांमुळे सरकारी मंजुरीत अडकला आणि २०२२ मध्ये संपुष्टात आला. अखेर २०२३ मध्ये हा कारखाना ह्युंदाईने घेण्याचा करार केला.