शैवल-वितरण, पश्चिम ऑस्ट्रेलियाचा उपोष्ण किनारा

उष्ण व समशीतोष्ण कटिबंधांतील सागरी शैवले जिथे एकमेकांत मिसळतात असा किनारा. खंडांच्या पश्चिम किनाऱ्यांवर बहुधा थंड प्रवाह असतात. येथे मात्र लीविन हा उबदार प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. त्यामुळे केवळ अक्षांशावरून येथील वितरण समजत नाही. सुमारे २८°–२९° दक्षिण अक्षांशांवरील हौटमन अब्रोल्होस बेटांजवळ प्रवाळ आणि केल्प (मोठी तपकिरी शैवले) शेजारी-शेजारी वाढतात, हे दृश्य जगात विरळाच. दक्षिणेकडे खडकांवर एक्लोनिया रॅडिएटा या तपकिरी केल्पचे राज्य असते, तर उत्तरेकडे सारगॅसमच्या उष्णप्रदेशीय प्रजाती वाढत जातात. लाटांचा मारा, खडकाचा पोत व प्रकाश यांमुळे एकाच ठिकाणी, थोड्या अंतरावरही, प्रजाती बदलतात. अंधूक खोलीत तांबडी शैवले तग धरतात.

उष्ण व समशीतोष्ण शैवलांमधील ही सीमा स्थिर नाही. २०११ च्या सागरी उष्णलाटेत काल्बारी या गावाच्या दक्षिणेकडील सुमारे १०० किमी. किनाऱ्यावरून केल्पची वने नाहीशी झाली. त्यांची जागा खुरट्या, गवताळ शैवलांनी घेतली. पाणी पुन्हा निवले, तरी वने परतली नाहीत : उत्तरेकडून आलेले शाकाहारी मासे कोवळे केल्प उगवताच खाऊन टाकू लागले.