धोनी आधी घ्यायचा की नंतर? 2008 च्या लिलावाचं गणित

मी मूळचा कारंजा लाडचा, वाशिम जिल्हा. पोटापाण्यासाठी पुण्यात कोड लिहितो. पण दर मार्चमध्ये आमच्या शाळेच्या ग्रुपवर आयपीएलचा आमचा स्वतःचा लिलाव होतो. आठ जण, प्रत्येकाकडे 100 पॉइंट, आणि हरला तो सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घालणार. मागच्या वर्षी मी पहिल्याच नावावर 40 पॉइंट उडवले. शेवटी बॉलर घ्यायची वेळ आली तेव्हा हातात 3 पॉइंट. पोहे कोणी खाऊ घातले, ते सांगायला नको.

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न आहे: सगळ्यात मोठा खेळाडू उचलायचा कधी?

अमेरिकेत फॅन्टसी फुटबॉल खेळणारे याच प्रश्नावर भांडतात. तिथे क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा मेंदू, पॉइंटही त्याचेच जास्त. 1963 मध्ये ओकलंडला पहिला फॅन्टसी ड्राफ्ट झाला, तेव्हा पहिलं नाव उचललं गेलं ते जॉर्ज ब्लँडा या क्वार्टरबॅकचं. पण पुढे लोकांनी हिशोब मांडला. लीगमध्ये साधारण 12 जण, प्रत्येकाला लागतो एकच क्वार्टरबॅक, आणि एनएफएलमध्ये टीम आहेत 32. म्हणजे थांबलं तरी बरा माणूस मिळतोच. चांगले रनिंग बॅक मात्र लवकर संपतात. म्हणून बरेच जण आता क्वार्टरबॅक उशिरा घेतात.

आता आपल्याकडे येऊ. 20 फेब्रुवारी 2008, मुंबई. आयपीएलचा पहिला लिलाव. प्रत्येक टीमकडे 50 लाख डॉलर. धोनीचं नाव आलं आणि बोली चढत गेली. शेवटी चेन्नईसमोर उरली मुंबई. 15 लाखांवर मुंबई थांबली.

मुंबईला धोनी नको होता का? होता. पण एक नियम आडवा आला. सचिन मुंबईचा ‘आयकॉन’ होता, आणि आयकॉनला टीममधल्या सगळ्यात महाग खेळाडूपेक्षा 15 टक्के जास्त द्यावे लागत. धोनी 15 लाखांना घेतला असता, तर सचिनला 17 लाख 25 हजार. दोघांतच 50 पैकी 32 लाख खलास! चेन्नईकडे आयकॉनच नव्हता. त्यांना धोनी पडला 30 टक्के पैशांत. उरलेल्यात त्यांनी रैना, मुरलीधरन, हेडन, हसी असे सगळे उचलले.

म्हणजे पाहा, धोनी तोच, किंमत तीच. चेन्नईला परवडली, मुंबईला नाही. हैदराबादच्या लक्ष्मणने तर टीमच्या हातात पैसा राहावा म्हणून आयकॉनपद स्वतःच सोडलं होतं.

आता कोणी म्हणेल, भाऊ, विकेटकीपर काय कमी होते? खरं आहे. गिलख्रिस्ट, संगकारा, मॅक्युलम हे तिघेही प्रत्येकी 7 लाखांना गेले, धोनीच्या निम्म्याहून कमी. पण अकरा जणांत परदेशी फक्त चारच खेळवता येतात. गिलख्रिस्ट घेतला की त्यातली एक जागा गेली. धोनी ती जागा खात नाही, वर कप्तानीही करतो. तसा दुसरा भारतीय त्या यादीत नव्हता. तो गेला की मागे मोठा खड्डा.

इथेच माझी चूक सापडली. मी खेळाडू किती भारी आहे एवढंच पाहत होतो. पाहायचं असतं ते असं: हा हातचा गेला, तर त्या जागेवर पुढचा कोण मिळेल, आणि दोघांत फरक किती? फरक मोठा असेल तर आधी उचला. थोडाच असेल तर गप्प बसा, दुसऱ्यांना पैसे उडवू द्या.

आणि मुंबई चुकली असंही नाही. मुंबई आणि चेन्नई, दोघींकडे पाच-पाच ट्रॉफ्या आहेत. पहिल्या वर्षी तर जिंकली राजस्थान, साडेचार लाखांच्या शेन वॉर्नच्या कप्तानीत. दुसऱ्या वर्षी हैदराबाद, 7 लाखांच्या गिलख्रिस्टच्या कप्तानीत. महाग खेळाडू एकच रस्ता आहे, एकमेव नाही.

जाता जाता एक बोलतोच. आमच्यातल्या एकाने काही वर्षांपूर्वी सोयाबीनचे पैसे अशाच एका ॲपवर घातले. हे गणित त्याला माझ्याहून चांगलं येतं. तरी पैसे गेले, कारण एका मॅचमध्ये नशीब गणिताला विचारत नाही. घरी सांगायला त्याला महिना लागला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैशांचे असले ऑनलाइन खेळ बंद केले. पण आमच्या लिलावात पैसा नाही, तो त्याच्यामुळे, कायद्याच्या आधीपासून. आता आमचा लिलाव तोच पुकारतो.

या मार्चला मी पहिली तीन नावं सोडून देणार आहे. पाहू, पोहे कोण खाऊ घालतं ते. तुम्ही कोणाला आधी उचलाल, आणि तो गेला तर मागे कोण उरतं? विचार करून ठेवा. भेटू पुढच्या भागात!