परक्या यंत्रावरचे बिऱ्हाड

संगणकावर अनेकांनी एकत्र खेळावयाच्या खेळांचा इतिहास सांगताना खेळाडूंविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु ज्या यंत्राच्या आश्रयाने तो खेळ चालतो, त्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. वस्तुतः खेळाचे आयुष्य यंत्राच्या आयुष्याशी बांधलेले असते. त्यातून ते यंत्र विरळ वापराचे असले, तर खेळाचा जीव सदैव टांगणीलाच लागलेला.

इंग्लंडात कोल्चेस्टरजवळ एसेक्स विद्यापीठ आहे. तेथे १९७८ साली रॉय ट्रुबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने 'मड' या खेळाचा आरंभ केला. त्यात चित्र नव्हते, ध्वनी नव्हता. होते ते केवळ शब्द. एखाद्या जागेचे वर्णन समोर उमटावे, खेळाडूने उत्तरेकडे जाण्याची आज्ञा टंकावी आणि पुढील जागेचे वर्णन यावे, इतकेच. असे खेळ त्यापूर्वीही होते. नवल हे की, येथे त्याच जागी त्याच क्षणी दुसराही एखादा जिवंत माणूस उभा असे.

हे साधले कसे? विद्यापीठापाशी डिजिटल कंपनीचे पीडीपी-१० हे यंत्र होते आणि त्यावर टॉप्स-१० नावाची कार्यप्रणाली चाले. या प्रणालीत स्मृतीचा एक भाग अनेकांस सामाईक वापरता येई. मात्र तो वाचण्यापुरता. कचेरीतील सामाईक नोंदवही सर्वांनी पाहावी, पण तीत कोणी लिहू नये, तसलाच हा प्रकार. त्या भागात लिहिताही येते, हे ट्रुबशॉच्या ध्यानात आले. एकाने दार उघडले, की त्याची नोंद सामाईक वहीत व्हावी आणि दुसऱ्यास दार उघडे दिसावे! पहिली आवृत्ती तर ही युक्ती चालते की नाही, एवढे पाहण्यासाठीच लिहिली गेली. माझ्या मते खेळाचा खरा जन्म येथे आहे. मात्र त्याच्या पायातील बेडीही येथेच घडली. कारण ही युक्ती त्या प्रणालीची होती, खेळाची नव्हे.

पुढे यंत्रभाषेच्या निकटच्या भाषेतील ती रचना आवरेनाशी झाली, तेव्हा ट्रुबशॉने ती बीसीपीएल या भाषेत नव्याने लिहावयास घेतली. १९८० साली त्याने विद्यापीठ सोडले आणि ते काम रिचर्ड बार्टल या सहाध्यायाने पुरे केले. त्याच वर्षी प्रायोगिक दूरसंपर्क जाळ्याने बाहेरच्यांनाही प्रवेश मिळू लागला. मात्र रात्री, यंत्र रिकामे असेल तेव्हा. दिवसा ज्याला कोणी जागा देणार नाही, त्याने रात्रपाळीत जगावे, ही व्यवस्था सरकारी नोकरास निराळी समजावून सांगावयास नको.

या रात्रींचा गुण दूरवर लागला. एसेक्सच्या खेळात रमलेल्या अ‍ॅलन कॉक्स याने १९८७ साली वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे 'अ‍ॅबरमड' रचला. तोही हनीवेल कंपनीच्या मोठ्या यंत्रावर, बी नावाच्या अल्पपरिचित भाषेत. तो तसाच राहता, तर त्या गावाबाहेर फारसा कोणास ठाऊक झाला नसता. परंतु १९८८ च्या अखेरीस तो सी भाषेत उतरविला गेला आणि युनिक्स प्रणालीच्या विद्यापीठांतून पाहता पाहता पसरला. संगणकाच्या परिभाषेत यास पोर्टिंग म्हणतात. आपण बदली म्हणावे. फरक इतकाच की, या बदलीत भांडीकुंडी सोबत नेता येत नाहीत, ती नव्या गावी पुन्हा घडवावी लागतात. हेच कॉक्स पुढे लिनक्सच्या घडणीतील एक प्रमुख कारागीर झाले.

मूळ 'मड'ला ही बदली फार उशिरा लाभली. डिजिटल कंपनीने १९८३ सालीच ३६ बिटांच्या यंत्रांचा पुढील विकास थांबविला होता. एसेक्सवरील 'मड' १९८७ च्या अखेरीस बंद पडला; त्याच यंत्रावर 'मिस्ट' नावाचा त्याचा एक भाऊबंद मागे राहिला आणि १९९१ च्या आरंभी जुन्या यंत्राच्या जागी नवे येईपर्यंत तग धरून होता. अमेरिकेत कॉम्प्युसर्व्ह कंपनीचा कारभार मात्र त्याच ३६ बिटांच्या कुळातील यंत्रांवर चाले. म्हणून तेथे 'ब्रिटिश लेजेंड्स' या नावाने 'मड'ला १९८७ पासून आणखी एक तप थारा मिळाला. १९९९ च्या अखेरीस तेथूनही त्याचे बिऱ्हाड उठले. दुसऱ्याच वर्षी तो सी प्लस प्लस भाषेत उतरविला गेला, आणि बावीस वर्षांनी प्रथमच साध्या यंत्रावर चालू लागला.