बर्फ उफणणारं यंत्र
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

आपल्याकडे बर्फ म्हटला की उसाचा रस, गोळा आणि फार तर मनालीची सहल आठवते. पण कॅनडातल्या माँट्रियलसारख्या शहरात वर्षाला सरासरी दोन मीटरच्या आसपास बर्फ पडतो. तिथे त्याचं कौतुक पहिल्या दिवसापुरतंच. नंतर तो दारात ठाण मांडून बसलेल्या वसुलीवाल्यासारखा वाटू लागतो. त्याला उठवल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकता येत नाही.

माझी मुलगी त्या शहराच्या उपनगरात राहते. तिच्याकडे मी चार हिवाळे काढले. आयुष्यभर यंत्रांचे आराखडे काढण्यात गेलेल्या माणसाची नजर देवळात गेला तरी घंटेच्या कडीकडे जाते. तशी माझी नजर तिथल्या घरोघरच्या बर्फ फेकणाऱ्या यंत्रांवर गेली. घरासमोरची वाट साफ करणारं आदर्श यंत्र कसं असावं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळतो आहे. त्याचं उत्तर शोधायचं तर या यंत्राचा इतिहास पाहायला हवा.

आधी थोडं गणित. घरापासून रस्त्यापर्यंत गाडीसाठी जी वाट असते, तिला तिकडे ड्राइव्हवे म्हणतात. ती १५ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद धरू. रात्रीत २० सेंटिमीटर बर्फ पडला, तर वाटेवर १५ घनमीटर बर्फ साचतो. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण १०० किलो भरला, तरी हे दीड टन वजन झालं. बर्फ ओला असेल तर तेच तीन टनांवर जातं. सकाळी कामावर निघण्याआधी, उणे दहा-पंधरा अंशांत, हे सगळं फावड्याने उचलून बाजूला टाकायचं! सिमेंटच्या साठ गोण्या भल्या पहाटे एकट्याने हलवायला सांगितलं, तर आपण सांगणाऱ्याला वेड्यात काढू. तिकडे शेजारचे आजोबा हेच काम मुकाट्याने करताना दिसतात.

यंत्राने बर्फ फेकण्याची कल्पना प्रथम घरासाठी नव्हे, तर रेल्वेसाठी निघाली. १८६९ मध्ये टोरांटोच्या जे. डब्ल्यू. इलियट यांनी फिरत्या पात्यांच्या बर्फनांगराची रचना मांडली. हे गृहस्थ व्यवसायाने दंतवैद्य! त्यांचं यंत्र कागदावरच राहिलं. पुढे ऑन्टारिओतल्या ऑरेंजव्हिल गावच्या ऑरेंज जल यांनी ती कल्पना पुढे नेली. त्यांनी चालती प्रतिकृती तयार केली आणि ती वाळूत चालवून पाहिली. बर्फ पडायची वाट बघत बसण्यापेक्षा वाळू बरी, हा खरा कारागिराचा विचार. १८८३-८४ च्या हिवाळ्यात टोरांटोच्या लेस्ली बंधूंनी त्यांच्यासाठी पूर्ण आकाराचं यंत्र बांधलं आणि ते यशस्वी ठरलं. नुसता नांगर बर्फ ढकलतो आणि ढिगारा वाढला की स्वतःच अडकतो. हे यंत्र बर्फ कापत होतं आणि रुळांपासून दूर भिरकावत होतं. ढकलणं आणि फेकणं यांतला हा फरक पुढच्या साऱ्या इतिहासाचा पाया आहे.

रस्त्यावर ही कल्पना आणली आर्थर सिकार यांनी. त्यांचा जन्म १८७६ चा, माँट्रियलजवळच्या शेतकरी वस्तीतला. १८९४ मध्ये, सतरा-अठरा वर्षांच्या सिकार यांनी शेतात मळणी यंत्र चालताना पाहिलं. धान्य आत ओढायचं आणि भुसा जोराने बाहेर फेकायचा, ही करामत बर्फावर का चालू नये, असा प्रश्न त्यांना पडला. आपल्यापैकी ज्यांनी खळ्यावरची उफणणी पाहिली आहे, त्यांना ही कल्पना समजावून सांगायला नको. पण ती प्रत्यक्षात यायला एकतीस वर्षं लागली. १९२५ मध्ये सिकार यांचं यंत्र उभं राहिलं. चारही चाकांना जोर मिळणारा ट्रक, पुढे बर्फ ओढून घेणारा भाग आणि वेगळ्या इंजिनावर चालणारा, नळकांड्यातून बर्फ फेकणारा भाग, अशी त्याची रचना होती. ते बर्फ ९० फुटांपेक्षाही लांब फेकत असे. १९२७ मध्ये माँट्रियलला लागून असलेल्या उत्रमाँ नगराने ते विकत घेतलं. आपल्याकडे जोजिलासारख्या खिंडी मोकळ्या करणारी सीमा सडक संघटनेची बर्फ कापणारी यंत्रं याच कुळातली.

रस्ते मोकळे झाले, पण घरांपुढे एक नवं संकट आलं. नगरपालिकेचा नांगर रस्त्यावरचा बर्फ कडेला सारत जातो. ती कड म्हणजेच तुमच्या वाटेचं तोंड! तिथे चाकाखाली दबलेला, मीठ आणि चिखल मिसळलेला, दगडासारखा बांध तयार होतो. आपण घाम गाळून वाट साफ करावी आणि तेवढ्यात नांगराने दारात बांध घालून निघून जावं, हा अनुभव तिकडे घरोघरचा. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं पसरली, दारोदार मोटार आली आणि प्रत्येक घराची वाट ही प्रत्येकाची डोकेदुखी झाली. अमेरिकेत टोरो कंपनीने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला माणसाने मागून चालवायचं छोटं यंत्र बाजारात आणलं. १९६० मध्ये विस्कॉन्सिनची एरियन्स कंपनी या धंद्यात उतरली.

या घरगुती यंत्रांचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिल्यात एकच फिरतं पातं बर्फ गोळा करतं आणि तेच फेकतं. ते हलकं आणि स्वस्त असतं, जमिनीला घासून चालतं. पण दारातल्या त्या बांधापुढे हात टेकतं. दुसऱ्यात पुढचं मळसूत्री पातं सावकाश फिरत बर्फ मध्यभागी आणतं आणि मागचा वेगवान पंखा तो वर भिरकावतो. हे यंत्र दमदार, पण जड. वळवताना पाठीची परीक्षा बघणारं.

या दुसऱ्या यंत्रातला एक छोटा भाग मला फार आवडतो. पातं ज्या दांड्यावर बसवलेलं असतं, तिथे एक मुद्दाम कमजोर ठेवलेली खीळ असते. बर्फाखाली दगड किंवा गोठलेलं वर्तमानपत्र अडकलं की ती खीळ तुटते आणि महागडा गिअरबॉक्स वाचतो. थोड्या पैशांची खीळ आपला जीव देऊन मोठं नुकसान टाळते. कुठे मोडायचं हे आधीच ठरवून ठेवणं, ही यंत्ररचनेतली मोठी शहाणीव आहे.

यंत्रासाठी केलेला हा विचार माणसासाठी मात्र उशिरा झाला. ओला बर्फ नळकांड्यात चिकटून बसतो. माणूस वैतागतो, इंजिन बंद करतो आणि हात आत घालतो. अडकलेल्या पात्यात इंजिन बंद झाल्यावरही ताण शिल्लक असू शकतो. बर्फ सुटताच पातं झटक्याने फिरतं आणि बोटं जातात. अमेरिकेतले हातांचे शल्यचिकित्सक याबद्दल वर्षानुवर्षं इशारे देत आले आहेत. मूठ सोडताच पातं थांबवणारी व्यवस्था आली, बर्फ काढायला यंत्रालाच अडकवलेली प्लॅस्टिकची काठी आली. तरी घाईच्या सकाळी काठीपेक्षा हात जवळचा वाटतो.

दुसरा धोका हृदयाचा. क्युबेक प्रांतातल्या १९८१ ते २०१४ या काळातल्या नोंदींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. २० सेंटिमीटर बर्फ पडल्यानंतरच्या दिवशी पुरुषांचा हृदयविकाराने मृत्यू होण्याचा धोका, बर्फ न पडलेल्या दिवसाच्या तुलनेत, सुमारे एक तृतीयांशाने जास्त आढळला. कोणी फावडं हाती घेतलं होतं, याची नोंद त्यात नव्हती. पण संशोधकांचा रोख फावड्याकडेच होता. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, हातांचं जड काम रक्तदाब वाढवतं आणि हृदयावर दोन्हीकडून भार येतो. गिअरबॉक्सला खीळ आहे, मंडळी. हृदयाला ती नाही.

मग माझं आदर्श यंत्र कसं असेल? ते सत्तरीच्या बाईला एका हाताने वळवता येईल. नळकांडं तुंबलं तर दांड्यावरची कळ दाबून आतूनच मोकळं होईल आणि त्याचं झाकण हात घालण्याइतकं उघडणारच नाही. ते दारातला बांध सावकाश खाईल, पण खाईल. पहाटे पाचला शेजारचं तान्हं मूल जागं करणार नाही. बंद गॅरेजमध्ये विषारी धूर सोडणार नाही. बॅटरीवरची यंत्रं आता मिळतात आणि आवाज व धूर या दोन गोष्टी त्यांनी बऱ्याच सोडवल्या आहेत. मात्र कडाक्याच्या थंडीत बॅटरीचा दम कमी होतो, नेमका गरजेच्या वेळी. पेट्रोलच्या यंत्राचं दुखणं वेगळं: उन्हाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल चिकट होतं आणि पहिल्याच वादळात यंत्र रुसून बसतं. ताकद, हलकेपणा आणि किंमत, यांतल्या दोन गोष्टी साधल्या की तिसरी निसटते. आराखडा काढणाऱ्याचं आयुष्य या भांडणातच जातं.

मुलीच्या गल्लीत अकरा घरं आणि नऊ यंत्रं. प्रत्येक यंत्र वादळानंतर अर्धा-पाऊण तास चालतं आणि उरलेला काळ गॅरेजची जागा अडवून बसतं. यंत्र नसलेल्या दोन्ही घरांत एकटी राहणारी म्हातारी माणसं. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच हाती फावडं. सिकार यांचं पहिलं यंत्र एका नगराने घेतलं होतं, एका घराने नव्हे. पुढच्या शतकात आपण त्याचे लहान तुकडे करून घरोघर वाटले. सोय झाली, पण ते सार्वजनिकपण हरवलं. सगळ्यांना सातलाच निघायचं असतं, आधी कोणाची वाट, असा वाद होणार, हे मला मान्य आहे. त्यावर एक सोपा नियम सुचतो: ज्या घरात सर्वांत वयस्कर माणूस, ती वाट पहिली. या नियमाला ना बॅटरी लागते, ना पेट्रोल. माझ्या आराखड्यातला हा एकच भाग उद्यापासून कोणत्याही गल्लीत बसवता येईल.