‘वेन’ आणि ‘उणे’ : घटत जाण्याच्या इंग्रजी शब्दांची कुळकथा

एखादी गोष्ट लहान होत जाणे, तिचा जोर ओसरणे किंवा तिचा भर कमी होणे हे सांगण्यासाठी इंग्रजीत वेन, एब, ड्विंडल, अबेट, डिमिनिश, सबसाइड, टेपर असे अनेक शब्द असून कोशकार त्यांना समानार्थी म्हणून एका ओळीत बसवतात. परंतु त्यांची कुळे तपासली, तर बहुतेक शब्द मुळात घटण्याचे नव्हतेच, असे दिसते. कोणी समुद्राच्या पाण्याचा होता, कोणी मार देऊन पाडण्याचा, कोणी खाली बसण्याचा, कोणी मेणबत्तीचा. घटण्याचा अर्थ त्यांना पुढे चिकटला. ‘वेन’ हा मात्र जन्मापासून कमतरतेचाच शब्द आहे, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने तोच सर्वांत जवळचा आहे.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे नॉर्मन आक्रमणापूर्वीच्या इंग्रजीत, ‘वनियन’ हे क्रियापद ‘कमी होणे’ आणि ‘कमी करणे’ या दोन्ही अर्थांनी वापरले जाई व त्याच्या मुळाशी ‘वन’ हे ‘कमी असलेला, अपुरा’ अशा अर्थाचे विशेषण होते. भारत-युरोपीय भाषाकुळाच्या, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि जर्मानिक भाषा ज्या एका पूर्वज भाषेपासून निघाल्या असे मानतात त्या कुळाच्या, अभ्यासकांनी या विशेषणाचे नाते संस्कृतातील ‘ऊन’ या शब्दाशी लावले आहे. ‘ऊन’ मराठीत नाना रूपांनी नांदतो : गणितातले ‘उणे’, माणसातली ‘उणीव’, भांडणात काढले जाणारे ‘उणेदुणे’, आणि ‘नि’ हा उपसर्ग लागून झालेले ‘न्यून’ ही सारी त्याचीच संतती आहे. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस हे अंकवाचक शब्दही त्याच्याच आधाराने उभे आहेत, कारण ‘एकोन’ म्हणजे एकाने उणा, आणि एकोणचाळीस म्हणजे एकाने उणे असलेले चाळीस.

या नात्याचा सर्वांत हृद्य पुरावा गॉथिक भाषेत सापडतो. गॉथ लोकांचा धर्माधिकारी वुल्फिला याने चौथ्या शतकात बायबलचे गॉथिक भाषांतर केले; त्यात संत पॉल आपल्याला मिळालेल्या ‘चाळीसला एक कमी’ फटक्यांचा उल्लेख करतो, त्या जागी गॉथिकमध्ये चाळीस, एक आणि ‘वन’चेच अनेकवचनी रूप अशी रचना आली आहे. अर्थात तेथील एकोणचाळीस आणि मराठीतील एकोणचाळीस यांत एकच संख्या एकाच रीतीने, आणि मुळात एकाच धातूच्या आधाराने, सांगितली गेली आहे. ही रचना दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडली असणेही शक्य आहे, कारण पूर्ण दशकातून एक वजा करण्याची रीत लॅटिनलाही ठाऊक होती. तरीही दोन टोकांच्या भाषांनी तिच्यासाठी त्याच जुन्या शब्दाकडे हात न्यावा, ही गोष्ट भाषाभ्यासकाला आनंद देणारीच आहे.

पुढे इंग्रजीत या शब्दाचे क्षेत्र आकसत गेले. ‘वन’ हा एके काळी उपसर्गासारखा लागत असे आणि ‘वनहोप’ म्हणजे आशा उणी होणे, नैराश्य. डच भाषेत या घडणीचे शब्द आजही वापरात आहेत, इंग्रजीत मात्र ‘वाँटन’ या एकाच शब्दात तो उरला, ज्याचा मूळ अर्थ ‘वाढवण्यात उणा राहिलेला’, म्हणजे शिस्त न लागलेला, असा होता. याच कुळातला ‘वाँट’ हा शब्द स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेतून इंग्रजीत शिरला. त्याचा पहिला अर्थ ‘उणीव असणे’ हा होता, आणि ज्याची उणीव त्याचीच इच्छा, या स्वाभाविक वाटेने तो ‘हवे असणे’ या आजच्या अर्थाला पोहोचला. स्वतः ‘वेन’ मुख्यत्वे चंद्राच्या कलांशी बांधला गेला, आणि वद्य पक्षातील चंद्रासाठी तो इतका रूढ झाला, की सत्ता किंवा लोकप्रियता घटते असे सांगतानाही वाचकाच्या मनात चंद्रच उभा राहतो. मूळ अर्थ शुद्ध स्वरूपात टिकला तो लाकडाच्या धंद्यात : ओंडका चिरताना त्याच्या गोलाईमुळे फळीची कड जेथे पुरी भरत नाही, सालीचा भाग राहतो, त्या उणिवेला तेथे आजही ‘वेन’ म्हणतात.

‘एब’ म्हणजे ओहोटी. हाही जुन्या इंग्रजीतलाच शब्द असून ‘दूर’ या अर्थाच्या ज्या मुळापासून इंग्रजी ‘ऑफ’ आणि संस्कृत ‘अप’ आले, त्याच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. मराठीतील ‘ओसरणे’ याच्या आरंभीचा ‘ओ’ संस्कृतातील ‘अप’ किंवा ‘अव’ या उपसर्गाचा अवशेष आहे, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला पाणी कमी होताना नव्हे, तर दूर सरताना दिसते.

1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबाराची आणि न्यायालयाची भाषा फ्रेंच झाली, आणि त्या वाटेने ‘अबेट’ आला. याचे मूळ ‘मारून खाली पाडणे’ अशा अर्थाच्या फ्रेंच क्रियापदात असून ‘बॅटल’, ‘कॉम्बॅट’ आणि ‘डिबेट’ हे त्याचे भाईबंद आहेत. वादळ ‘अबेट’ होते तेव्हा त्याला कोणी मारत नाही. पण कायद्याच्या भाषेत पाडण्याचा तो अर्थ जागा आहे. भारताच्या 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार मृत पक्षकाराचे वारस मुदतीत अभिलेखावर आणले नाहीत, तर त्याच्यापुरता दावा ‘अबेट’ होतो, म्हणजे निर्णयाविनाच पडतो, आणि महाराष्ट्रातील न्यायालयांच्या आवारात हा शब्द जसाच्या तसा ऐकू येतो. खादीच्या दुकानातील ‘रिबेट’ही याच घराण्यातला, तेथे खाली पाडली जाते ती किंमत.

‘ड्विंडल’ हा शेक्सपियरच्या काळात प्रथम आढळणारा शब्द ‘झिजणे, सुकत जाणे’ या अर्थाच्या जुन्या ‘ड्वाइन’ला क्रियेचे सातत्य दाखवणारा प्रत्यय लागून झाला. ‘डिमिनिश’ मात्र दोन शब्दांच्या मिश्रणातून घडला आणि त्या दोहोंच्या मागे लॅटिन ‘मिनुएरे’, म्हणजे लहान करणे, हे क्रियापद आहे. मायनस, मिनिट, मेनू हे मराठीत रुळलेले शब्द त्याच परिवारातले असून ‘मिनिस्टर’ही तेथलाच, कारण त्याचा मूळ अर्थ लहान पदावरचा माणूस, सेवक, असा होता.

‘सबसाइड’ची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘खाली बसणे’ असा असून त्यातील धातू संस्कृत ‘सद्’ याचा सख्खा आप्त आहे, ज्यापासून सदन, विषाद, उपनिषद हे शब्द झाले. मराठीतही धूळ बसते आणि जमीन बसते, तेव्हा ही प्रतिमा येथे परकी नाही. रोमन सैन्यात मागे राखून ठेवलेल्या, गरज पडेपर्यंत थांबून राहणाऱ्या तुकडीला याच धातूवरून ‘सुब्सिडियुम’ म्हणत. त्यावरून ‘मदत’, मग इंग्लंडच्या संसदेने राजाला मंजूर केलेले द्रव्य, आणि अखेरीस खताची व गॅस सिलिंडरची सबसिडी, असा त्याचा प्रवास झाला. पूर ओसरणे आणि अनुदान मिळणे या दोन क्रियांचे मूळ अशा रीतीने एकाच बैठकीत आहे.

‘वेन’चे क्षेत्र आकसत गेले, तर ‘टेपर’ नेमक्या उलट दिशेने चालला. जुन्या इंग्रजीत तो मेणबत्तीचेच नाव होता. टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या तिच्या आकारावरून ‘निमुळते होणे’ हे क्रियापद झाले, आणि आज डॉक्टर स्टेरॉइडची मात्रा हळूहळू उतरवतात तेव्हा ते ‘टेपर’ करतात. 2013 च्या मे महिन्यात अमेरिकी मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष बेन बर्नान्की यांनी रोख्यांची खरेदी टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा संकेत दिला, तेव्हा त्या धोरणालाही हाच शब्द लागला. त्यानंतर रुपया घसरत जाऊन ऑगस्टअखेर एका डॉलरला 68 रुपयांच्या पलीकडे गेला, आणि एके काळी मेणबत्तीचा असलेला हा शब्द मुंबईच्या बाजारात भीतीने उच्चारला जाऊ लागला.