बालरुग्णालये आणि औद्योगिक निधिसंकलन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

लहान मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालय असावे, हा विचार वैद्यकाच्या दीर्घ इतिहासात अलीकडचाच म्हणावा लागेल. पॅरिस येथे १८०२ मध्ये असे रुग्णालय सुरू झाले. लंडनमध्ये ते उघडण्यास १८५२ साल उजाडले. या रुग्णालयांची आर्थिक अडचण मात्र पहिल्यापासून एकच राहिली आहे. मूल कमावते नसते. त्याचा आजार लांबला की आईबापांची मजुरी बुडते आणि खर्च वाढत असतानाच घरातील मिळकत घटते. ज्यांच्या मुलांना रुग्णालयाची सर्वाधिक गरज, त्यांच्याकडूनच रुग्णालयाचा खर्च निघणे अशक्य असते. त्यामुळे बालरुग्णालय हे बहुतेक ठिकाणी दुसऱ्या कोणाच्या तरी पैशावर उभे राहिले.

हा पैसा उद्योगव्यवसायांकडून किंवा त्यांच्यामार्फत कोणत्या मार्गांनी आला, याचा आढावा घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी तीन टप्पे विचारात घेतले आहेत : मुंबईतील गिरणीमालकांचे दान, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रूढ झालेले ग्राहकांमार्फत निधिसंकलन आणि भारतातील २०१३ च्या कंपनी कायद्याने घालून दिलेले सामाजिक उत्तरदायित्व. या तिन्ही टप्प्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. इमारत आणि यंत्रसामग्री यांसाठी दाता मिळतो. पण परिचारिकेचे वेतन, औषधे आणि रोजचा स्वयंपाक यांची जबाबदारी कायमची कोणी घ्यावयाची?

लोकवर्गणीचा काळ

लंडनमधील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालय डॉ. चार्ल्स वेस्ट यांच्या प्रयत्नांतून १४ फेब्रुवारी १८५२ रोजी अवघ्या दहा खाटांनिशी उघडले. त्याचा खर्च वर्गणी व देणग्या यांवर चाले. काही वर्षांतच पैशाची चणचण भासू लागली. १८५८ मध्ये निधीसाठी आयोजित केलेल्या भोजनसमारंभात कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी केलेल्या आवाहनामुळे तीन हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. नाटककार जे. एम. बॅरी यांनी १९२९ मध्ये ‘पीटर पॅन’चे हक्क याच रुग्णालयाला दिले. ही देणगी वेगळ्या स्वरूपाची होती. तीतून एकरकमी पैसा न येता वर्षानुवर्षे उत्पन्न मिळत राहिले.

मुंबईत याच सुमारास, म्हणजे १८८० च्या दशकात, स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभारला गेला. सोराबजी शापूरजी बंगाली आणि अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. व्यापारी धनिकांनी पैसा द्यावयाचा आणि चालवण्याचा भार सरकारने उचलावयाचा, अशी वाटणी मुंबईत याप्रमाणे आधीच परिचित झाली होती.

गिरणगाव आणि वाडिया रुग्णालय

नवरोजी नसरवानजी वाडिया यांनी १८७९ मध्ये बॉम्बे डाइंगची स्थापना केली. त्यांचे पुत्र सर कुसरो वाडिया व सर नेस वाडिया यांच्या काळात हा समूह मुंबईच्या वस्त्रोद्योगात अग्रेसर बनला. या बंधूंनी परळ येथे वडिलांच्या नावाने प्रसूतिगृह (१९२६) आणि आई जेरबाई यांच्या नावाने मुलांचे रुग्णालय (१९२९) उभारले. पुण्यातील १९३२ चे नवरोसजी वाडिया महाविद्यालय हेही याच दातृत्वपरंपरेचे फळ होय.

परळची निवड अर्थपूर्ण होती. गिरणी कामगारांची वस्ती तेथे दाट होती आणि बहुसंख्य कुटुंबे चाळीतील एका खोलीत राहत. १९२१ मध्ये मुंबईतील बालमृत्यूचे नोंदलेले प्रमाण दर हजारी सहाशेंहून अधिक होते. हा आकडा वाचताना सावधगिरी आवश्यक आहे. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात किंवा देशावर माहेरी जात. जन्माची नोंद गावी होई वा होतही नसे. मूल मुंबईत आणल्यावर दगावले, तर मृत्यूची नोंद मात्र शहरात होई. प्रमाण त्यामुळे फुगलेले दिसते. तरीही परिस्थिती भीषण होती, याबद्दल तत्कालीन पाहणी करणाऱ्यांत दुमत नव्हते. पाळीवर जाणारी आई मूल शांत झोपावे म्हणून अफूमिश्रित बाळगोळी देई, याची नोंदही त्या काळच्या अहवालांत आढळते.

मुलांचे रुग्णालय ज्या काळात उभे राहत होते, तोच काळ गिरणगावातील मोठ्या संघर्षाचा होता. १९२८ मध्ये सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर होते. १९२९ मध्ये पुन्हा सार्वत्रिक संप झाला आणि त्याला वाडिया गटाच्या गिरण्यांतील कामगार-कपातीची पार्श्वभूमी होती. ज्या नफ्यातून रुग्णालयाची वीट रचली गेली, त्याच नफ्याच्या वाटणीवरून कामगार झगडत होते. या दोन घटना एकमेकींना खोट्या ठरवत नाहीत. मालकाचे दान ढोंगी होते असा निष्कर्ष काढणे जितके घाईचे, तितकेच कामगाराचा रोष कृतघ्न होता असे म्हणणेही. संपकरी कामगाराचे आजारी मूल त्याच रुग्णालयाच्या दारात उभे राहू शकत होते, एवढे मात्र इतिहासकाराने दृष्टीआड करू नये.

हक्क की दान?

याच वर्षांत या प्रश्नाला दुसरी दिशा देणारी चर्चा मुंबई विधिमंडळात झाली. ना. म. जोशी यांनी केंद्रीय विधिमंडळात १९२४ मध्ये मांडलेले प्रसूतिलाभ विधेयक संमत झाले नव्हते. मुंबई प्रांतात मात्र आसवले यांनी तशाच आशयाचे विधेयक आणले आणि १९२९ मध्ये त्याचा कायदा झाला. जुलै १९२८ मध्ये या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडलेली भूमिका येथे महत्त्वाची ठरते. प्रसूतीच्या आधी व नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे; लोकांच्या कल्याणाची जपणूक हे मुख्यतः शासनाचे काम असल्याने हा भार मोठ्या प्रमाणावर शासनाने उचलावयास हवा; परंतु स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणारा मालकही त्या जबाबदारीतून सुटत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या प्रतिपादनाने माता व मूल यांच्या आरोग्याचा खर्च औदार्याच्या क्षेत्रातून जबाबदारीच्या क्षेत्रात आणला. दाता बदलतो, त्याचा व्यवसाय बुडतो, त्याच्या वारसांच्या आवडी निराळ्या असतात. शासन आणि मालक यांची निश्चित वाटणी मात्र टिकू शकते.

वाडिया रुग्णालयांच्या व्यवस्थेतही ही वाटणी काही अंशी होती. १९२० च्या दशकातील करारांनुसार विश्वस्त, महानगरपालिका व सरकार यांनी चालू खर्चात सहभागी व्हावयाचे होते. परळमधीलच आणखी एक उदाहरण तुलनेसाठी घेता येते. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय उघडले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. पाया दात्याचा आणि वाटचाल शासनाची, असे त्याचे स्वरूप झाले. कर्करोगाने ग्रासलेली देशभरातील असंख्य मुले तेथे उपचार घेत आली आहेत.

वाडिया रुग्णालयाचा मार्ग इतका सरळ राहिला नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओसरत गेले, गिरण्यांच्या जागी कार्यालये व व्यापारसंकुले आली. गिरणी आणि रुग्णालय यांचा मूळ संबंध इतिहासजमा झाला. गरीब रुग्ण येणे मात्र थांबले नाही. जानेवारी २०२० मध्ये अनुदानाची थकबाकी व तिच्या हिशेबावरील मतभेद यांमुळे रुग्णालय बंद पडण्याची वेळ आली. नवे रुग्ण घेणे थांबले, कर्मचारी रस्त्यावर आले, प्रकरण उच्च न्यायालयापुढे गेले आणि त्यानंतर शासनाने निधी मोकळा केला. नव्वद वर्षांपूर्वी बांधलेली वास्तू भक्कम होती. डळमळले ते चालू खर्चाचे गणित.

ग्राहकाच्या खिशातून

दुसऱ्या टप्प्यात दात्याची जागा ग्राहकाने घेतली. १९७४ मध्ये फिलाडेल्फिया येथे रुग्णालयात दाखल मुलांच्या पालकांसाठी पहिले रोनाल्ड मॅकडोनाल्ड गृह उघडले. एका फुटबॉलपटूच्या मुलीला झालेला रक्ताचा कर्करोग हे त्याचे निमित्त होते; पेयाच्या विक्रीतून पैसा उभा राहिला. १९८३ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसने स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या दुरुस्तीसाठी कार्डाच्या प्रत्येक वापरामागे एक सेंट देऊ केला आणि सुमारे सतरा लक्ष डॉलर जमवले. विक्री आणि सत्कार्य यांची सांगड व्यापाराला मानवते, हे या मोहिमेने दाखवून दिले.

त्याच वर्षी युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे चिल्ड्रन्स मिरॅकल नेटवर्क ही संस्था स्थापन झाली. गायिका मेरी ऑस्मंड व अभिनेता जॉन श्नायडर हे तिच्या संस्थापकांपैकी होत. आरंभी दूरदर्शनवरील प्रदीर्घ कार्यक्रमांतून आवाहन केले जाई. पुढे दुकानांचा मार्ग अधिक फलदायी ठरला. गल्ल्यावरील कर्मचारी ग्राहकाला एक डॉलर देण्याची विनंती करी आणि ग्राहकाचे नाव कागदी फुग्यावर लिहून तो भिंतीवर लावला जाई. वॉलमार्टसारख्या साखळी-दुकानांनी ही पद्धत देशभर नेली. त्यांच्या कर्मचारी व ग्राहकांमार्फत जमलेली एकूण रक्कम कालांतराने एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली. गोळा झालेला पैसा त्या त्या भागातील रुग्णालयाला मिळावा, हे तत्त्व या व्यवस्थेचे बलस्थान होय.

या पद्धतीत देणारा नेमका कोण, हे पाहिले पाहिजे. पैसा ग्राहकाचा असतो, मागण्याचे श्रम गल्ल्यावरील कर्मचाऱ्याचे असतात आणि धनादेशावर नाव कंपनीचे झळकते. अशा रकमेवर कंपनी स्वतःची देणगी म्हणून करसवलत घेते, हा समज मात्र चुकीचा आहे. अमेरिकी करव्यवस्थेत ती देणगी ग्राहकाचीच मानली जाते. कंपनीला लाभतो तो लौकिक. वाडिया बंधूंनी निदान स्वतःच्या ताब्यातील संपत्ती दिली होती. येथे कंपनी प्रामुख्याने मध्यस्थ आहे. उलटपक्षी, हजारो लहान रकमांमुळे रुग्णालय एका घराण्याच्या मर्जीवर विसंबून राहत नाही, हा लाभही मान्य करावा लागेल.

ब्रिटनमध्ये १९४८ नंतर चालू खर्च राष्ट्रीय आरोग्यसेवेकडे आल्यामुळे निधिसंकलनाला वेगळी जागा मिळाली. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या नव्या इमारतीसाठी १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘विशिंग वेल’ मोहिमेचे लक्ष्य तीन कोटी पौंड होते. १९८९ पर्यंत पाच कोटी चाळीस लक्ष जमले. रोजच्या खर्चाची हमी असल्याने देणगीदारांचा पैसा इमारतीच्या कामी निर्धास्तपणे लावता आला.

कायद्याने घातलेले कर्तव्य

भारतात कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ ने तिसरा टप्पा सुरू झाला. पाचशे कोटी रुपये निव्वळ मत्ता, एक हजार कोटी उलाढाल किंवा पाच कोटी निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी, अशी तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अमलात आली. आरोग्यसेवा हे मान्य क्षेत्रांपैकी एक आहे. नवजात शिशुकक्ष, शस्त्रक्रियेचा खर्च, उपकरणे यांसाठी रुग्णालये या निधीकडे वळू लागली.

ऐच्छिक औदार्य येथे कर्तव्य बनले, ही मोठीच प्रगती होय. तथापि तिला मर्यादा आहे. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार दीर्घकालीन प्रकल्पाची मुदतही आरंभीचे वर्ष वगळून तीन वर्षांपर्यंतच असते. कंपनीला ठरावीक काळात दाखवता येईल असे फलित हवे असते आणि यंत्र किंवा कक्ष ते सहज पुरवतो. ते यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाचे चौथ्या वर्षाचे वेतन कोणत्याही फलकावर येत नाही. शिवाय ही रक्कम नफ्याशी बांधलेली आहे. मंदीच्या काळात नफा घटतो आणि नेमक्या त्याच काळात मोफत उपचार मागणाऱ्यांची रांग वाढते.

समारोप

वरील तिन्ही टप्प्यांत उद्योगव्यवसायांनी बालरुग्णालयांना दिलेले साहाय्य नाकारण्याजोगे नाही. परळचे रुग्णालय नसते, तर गिरणगावातील कित्येक मुले उपचारांवाचून राहिली असती. परंतु या साहाय्याचे मोल स्थापनेच्या शिलालेखावरून ठरत नाही. ज्या ठिकाणी चालू खर्चाचा भार शासनाने निश्चितपणे स्वीकारला, तेथे दान फळाला आले. जेथे ती वाटणी संदिग्ध राहिली, तेथे उत्तम वास्तूही संकटात सापडली. १९२८ मध्ये विधिमंडळात मांडला गेलेला विचार, म्हणजे शासनाचा मुख्य भार आणि मालकाची ठरलेली जबाबदारी, हा बालरुग्णालयांच्या बाबतीतही मार्गदर्शक ठरावा. रुग्णालयांच्या इतिहासलेखनानेही दात्यांच्या नामावलीबरोबर वार्षिक हिशेबाची पाने वाचली पाहिजेत. आजारी मुलाच्या वाट्याला त्या दानातून प्रत्यक्ष काय आले, हे त्या पानांवरूनच कळू शकते.